शुक्राणूच्या डोक्यावरची टोपी

दादाचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होते. मुरबाडच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला पोचले, तरी वहिनीला दिवस गेले नव्हते. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. वैशाखऱ्याकडच्या आमच्या गावात अशा वेळी बोल लागायचा तो सुनेलाच. आईनं तिला कल्याणच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, सिद्धगडाच्या अंगाला एक झाडपाल्याचं औषध देणारा होता त्याच्याकडे नेलं, नवस बोलून झाले. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, हिच्यात दोष दिसत नाही, नवऱ्याला पाठवा. आईनं ते घरात कुणाला कळू दिलं नाही. मला वहिनीनं सांगितलं, तांदूळ निवडताना, मान वर न करता.

त्याच सुमारास कॉलेजात प्राणिशास्त्राच्या मॅडमनी फलनाचा धडा घेतला. मागच्या बाकांवर मुलं खुसखुसत होती, आम्ही मुली वहीत तोंड घालून बसलो होतो. मॅडमनी फळ्यावर शांतपणे एक मोठी अंडपेशी काढली. तिच्याभोवती जाड कवच, आणि कवचाभोवती बारीक पेशींचा चिकट थर. मला तोवर वाटायचं, जो शुक्राणू पहिला पोचेल त्याचं काम झालं. मॅडम म्हणाल्या, पोचल्यावरच खरं काम सुरू होतं. शुक्राणूच्या डोक्याच्या पृष्ठभागावर एन्झाइम असतात, ते हा चिकट थर सैल करत वाट काढतात. डोक्यावर टोपीसारखी एक पिशवीही असते. कवचाशी गाठ पडली की ती उघडते, आणि आतली एन्झाइम पुढची वाट मोकळी करायला मदत करतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाजवळ एवढी तयारी! मी थक्क झाले. आणि लगेच वहिनी आठवली.

भावाशी असल्या गोष्टी बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. तरी रविवारी तो शेताचा बांध घालत होता, तिथे मी गेले. ओल्या मातीत काटकीनं मॅडमची आकृती काढली आणि खाली बघतच सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंचा निरोपही सांगितला. दादा मुरबाडच्या कारखान्यात मशीनवर होता, आकृती त्याला पटकन समजली.

"म्हंजे पोचून पन आत जाता येत नाय, असं होतं?" त्यानं विचारलं.

"होऊ शकतं."

"आनि ते गड्याला तपासून कळतं?"

मी हो म्हटलं. त्यानं पुन्हा फावडं उचललं.

त्या आठवड्यात त्यानं रजा टाकली आणि वहिनीला घेऊन कल्याण गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याला सूक्ष्मदर्शकातून स्वतः बघू दिलं. शुक्राणूचं डोकं लांबट असायला हवं, त्याची सगळी गोल होती. टोपी तयारच झाली नव्हती. मुंबईत शुक्राणू सुईनं थेट अंड्यात सोडायचा नवा उपचार निघाला होता, पण त्याच्यासारख्याला त्याचा भरवसा डॉक्टरांनी दिला नाही. "जिवंत होते गो," दादा मला नंतर म्हणाला. "नुसते पळत होते बिचारे."

दिवाळीला मामा आले. शहापूरकडची एक मुलगी त्यांनी दादासाठी बघून ठेवली होती. ओटीवर चुलते, शेजारी सगळे बसलेले, आतल्या दारात आई उभी. मामांनी विषय काढला आणि वहिनी चहाचे कप तसेच ठेवून आत वळली. दादानं तिला थांबवलं.

"दोष माझ्यात हाय," तो म्हणाला. "आमी दोघं जाऊन तपासून आलो. दुसरी केली तरी तिला पन मूल व्हायचं नाय. हिला आता कुनी काय बोलायचं नाय."

आवाज चढला नव्हता. मामा चहा न घेताच उठले. आई बरेच दिवस दादाशी तुटक वागली. कारखान्यात थट्टा झाली, तेव्हा दादानं जेवणाच्या सुट्टीत थट्टा करणाऱ्यांनाच ती टोपी समजावून सांगितली. त्यातला एक जण पुढे गुपचूप डॉक्टरांचा पत्ता विचारायला घरी आला. दादा त्याच्याबरोबर कल्याणला गेला.

मी पुढे मुंबईत शिकले आणि याच एन्झाइमवर काम केलं. उंदराच्या अंड्याभोवतालच्या पेशी शुक्राणूंमुळे हळूहळू सुट्या होताना पहिल्यांदा पाहिल्या, त्या दिवशी जेवायचं भान राहिलं नाही. इतकं नेमकं, इतकं चिवट काम मी दुसरं पाहिलेलं नाही. गावी गेले की दादा त्याबद्दल खोदून खोदून विचारी. स्वतःत नसलेल्या गोष्टीबद्दल त्याला असूया न वाटता कौतुक वाटे, याचंच मला जास्त कौतुक.

दोन हजार साल उलटल्यावर दोघांनी एका संस्थेतून रीतसर मुलगी दत्तक घेतली. जीप अंगणात थांबली तेव्हा वहिनीच्या कडेवर ती झोपली होती. आई पदर सावरत पुढे झाली, पोरीचं तोंड निरखून पाहिलं, आणि म्हणाली, "दे इकडं. उन्हात काय उभी ऱ्हायलीस?"