एर्सिलियाच्या डोक्यावरची पोटुशी भिंत

कोस्तारोलात सकाळी भेटलेल्या माणसाला कुणी तब्येत विचारत नाही. भिंती कशा आहेत, असं विचारतात. गाव उभ्या डोंगराला चिकटलेलं, तळाशी समुद्र, आणि मधली सगळी जमीन म्हणजे भिंतींनी धरून ठेवलेले द्राक्षवेलींचे अरुंद पट्टे. भिंतींना चुना नाही, माती नाही. गडगा घालावा तसा नुसता दगडावर दगड. पावसाचं पाणी मागून येतं आणि फटींतून निघून जातं. ते अडलं की भिंत फुगते. अशा भिंतीला इथे पोटुशी म्हणतात, आणि मालक दिसला की "कितवा महिना?" असं विचारून त्याचा जीव नकोसा करतात.

एर्सिलिया या गावात सून म्हणून आली ती भातशेतीच्या सपाट मुलखातून. तिकडे पाऊस पडला की पाणी जागच्या जागी बसून राहतं आणि माणसंही. नवी नवरी भारी हौशी. सासरच्या अंगणातली भिंत तिला गबाळी वाटली, कारण फटीच फटी आणि फटींत गवत. तिने गवत उपटलं, सगळ्या फटी सिमेंटने लिंपल्या आणि सासूला कौतुकाने दाखवायला नेलं. सासूने सुनेच्या हातात एक जुना चमचा ठेवला. पुढे कितीतरी दिवस सूनबाई चमच्याने सिमेंट खरवडत बसली होती आणि अख्खं गाव येता-जाता मजा बघत होतं.

"अगं, तिचं तोंड बांधलंस तर पाणी ओकणार कुठून ती?" सासूने शेवटी सांगितलं.

पुढे एर्सिलिया शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. गावातल्या निम्म्या लोकांना तिने भरवलंय, आणि उरलेल्या निम्म्यांना ताट स्वच्छ केल्याशिवाय उठू दिलेलं नाही. तिचा आवाज खाली बंदराच्या धक्क्यापर्यंत पोचतो. नवरा गेला, मुलगी कोलोंबा शहरात नोकरीला लागली, पण हिचं घर, हिची चूल आणि हिचा आवाज जागच्या जागी राहिले.

त्या घरावर संकट आलं ते मागच्या बाजूने. स्वयंपाकघरामागे छोटं अंगण, आणि अंगणाच्या पलीकडच्या कडेला वरच्या पट्ट्याच्या मालकाची, ओलिंदोची उंच भिंत. हिवाळ्यात तिला पोट आलं, उन्हाळ्यात ते चांगलंच दिसायला लागलं. कोलोंबाने सुट्टीत येऊन पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, ऑक्टोबरच्या पावसाआधी ही भिंत उतरवून नीट रचली नाही, तर तू माझ्याकडे यायचंस. कायमचं. तुझ्यासाठी खोली रिकामी करून ठेवलीय मी."

"चौथ्या मजल्यावर? तिथून मी हाक मारली तर ओ कोण देणार?"

"हसण्यावारी नेऊ नकोस."

एर्सिलिया नेतही नव्हती. पोरीचं म्हणणं खरं होतं, आणि घर तर तिला सोडायचं नव्हतं.

तिने ओलिंदोला त्याच्या खिडकीशी गाठलं. भिंत रचण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. बायको आर्मिडा वारल्यापासून मात्र तो कुणाच्या दारात गेला नव्हता.

"ओलिंदो, कितवा महिना?"

"कुणाला?"

"तुझ्या भिंतीला."

"ती अंगानेच भरलेली आहे. पहिल्यापासून."

"आणि फटींत सिमेंट कुणी भरलं? तूच ना?"

"सपाटीवाल्यांनी मला भिंती शिकवू नयेत."

"सपाटीवालीच सांगतेय. हा गाढवपणा मी करून चुकलेय. तू या वयात कशाला नव्याने करतोस?"

त्याने खिडकी लावून घेतली.

हात लावायला गाव तयार होतं. पण मालकाने पहिला दगड काढल्याशिवाय दुसऱ्याच्या भिंतीला बोट लावायचं नाही, ही इथली रीत. आणि मालक खिडकीआड.

मग एर्सिलियाने जे तिला येत होतं ते केलं. द्राक्षं उतरवून झाल्यावर, एका कोरड्या रविवारी तिने मागच्या अंगणात लांब टेबल मांडलं आणि गावाला जेवायला बोलावलं. ऑलिव्ह घालून शिजवलेला ससा, भरलेल्या मासळ्या, पालेभाजी आणि चीजची जाड टार्ट. ससा म्हटल्यावर ओलिंदोला राहवलं नाही. तो आला, तर सगळ्यांच्या खुर्च्या घराकडच्या बाजूला. भिंतीच्या फुगलेल्या पोटाखाली फक्त दोन. एकीवर त्याला बसवलं, दुसरीवर एर्सिलिया स्वतः बसली.

ओलिंदो जेवायला लागला, पण लक्ष पाठीमागे. घास घेतला की मान वळायची. लोक माना खाली घालून हसत होते. तेवढ्यात वरून चिमूटभर खडी घरंगळली आणि टपकन त्याच्या वाइनमध्ये पडली.

"तू इथे कशाला बसलीस?" तो चिडून म्हणाला. "जा ना पलीकडे."

"मी रोज इथेच असते," एर्सिलिया म्हणाली, आणि या वेळी मात्र तिचा आवाज धक्क्यापर्यंत गेला नाही. "माझी चूल ती बघ, तिथे आहे. ही भिंत आली तर चुलीवर येणार."

ओलिंदोने काटा खाली ठेवला.

"पुढचे दगड मी लावीन," तो म्हणाला. "मागची भरणी कोण करणार?"

भिंत दोघांनी रचायची असते. एकाने पुढून मोठे दगड बसवायचे, दुसऱ्याने मागे बसून बारीक दगड भरत जायचं, म्हणजे पाण्याला वाट राहते. ओलिंदोच्या मागे जन्मभर आर्मिडा बसली होती.

"तिच्या जागी दुसरं कुणी बसलेलं मला बघवणार नाही," तो म्हणाला. "म्हणून सिमेंट मारलं. मला काय कळत नव्हतं?"

एर्सिलियाला भडभडून आलं. ज्याला ती हट्टी म्हातारा म्हणत होती, तो नुसता एकटा पडला होता.

"मग नको बघूस," ती डोळे पुसत म्हणाली. "मी भिंतीच्या मागे असणार. दिसेन कशी?"

ओलिंदो हसला. इतक्या दिवसांनी हसला की त्याला स्वतःलाच ठसका लागला. मग तो पहार घेऊन आला, शिडी लावून वर चढला आणि पहिला दगड त्याने काढला. टेबल घरात गेलं, माणसं ओळीने उभी राहिली, हातोहात दगड खाली यायला लागले. ससा गार झाला, आणि कुणीही तक्रार केली नाही.

रचाईचे दिवस म्हणजे गावाला फुकटचा तमाशा होता.

"ही भरणी आहे की भाजीचं सूप? हलतंय सगळं!" ओलिंदो पुढून ओरडायचा.

"मग तुझी जीभ भर मधे, म्हणजे तीही हलायची थांबेल!" मागून उत्तर यायचं.

तिने भरलेलं त्याने दोनदा उपसायला लावलं. तिसऱ्यांदा त्याने सरळ पुढचा दगड उचलला, आणि ती दिवसभर गुणगुणत होती.

ऑक्टोबरात समुद्रावरून काळं आभाळ आलं आणि पाऊस कोसळला. एर्सिलिया चुलीपाशी उभी राहून मागच्या खिडकीतून भिंतीकडे बघत होती. आधी दगड नुसते काळे पडले. मग एका फटीतून बारीक धार आली, मग दुसरीतून, आणि बघता बघता सगळी भिंत पाझरायला लागली. पाणी नितळ होतं, त्यात मातीचा कणही नव्हता. अंगणात ओलिंदो छत्री घेऊन उभा होता. प्रत्येक धारेखाली हात धरून तो पाणी निरखत होता.

"डाव्या कोपऱ्यात कमी येतंय," तो ओरडला. "तिथे घाईघाईत भरलंस तू."

"आत ये, सूप गार होतंय," ती म्हणाली. तिला इतका आनंद झाला होता की भांडायलाही सुचेना.

तेवढ्यात कोलोंबाचा फोन वाजला. भिंत नव्याने रचल्याचं तिला अजून सांगितलेलं नव्हतं.

"आई, काय पाऊस आहे! मी गाडी काढते. सामान बांधलंस का?"

एर्सिलियाने खिडकी उघडून फोन बाहेर धरला.

"ऐकलंस?"

"हे काय? पाणी? आई, घरात शिरलं का?"

"नाही गं. जिथून जायचं तिथून चाललंय," एर्सिलिया म्हणाली. "ती खोली भाड्याने देऊन टाक."