मिशनच्या शाळेतला किल्ला

चौथीचा इतिहास म्हणजे महाराजांचा इतिहास, आणि कराडजवळच्या आमच्या मिशनच्या प्राथमिक शाळेत तो मी शिकवते. मी ख्रिस्ती आहे. पूर्वी हे कुणाला आठवतही नसे. अलीकडे लोकच मला त्याची आठवण करून देतात.

दिवाळीच्या सुट्टीआधी चौथीची मुलं शाळेच्या अंगणात किल्ला करतात. बुरूज थापायचे, अळीव पेरायचे, चिखलात माखून घरी जायचं, आणि आयांची बोलणी मी खायची. यंदा अंगणात फरशी बसवल्यामुळे प्रार्थनागृहाच्या भिंतीलगतची तेवढी मातीची जागा उरली होती. त्या भिंतीवर क्रूस आहे. माझ्या मनात काही आलंच नाही; किल्ला तिथेच झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले तर फाटकात मोटारसायकली आणि तरण्या पोरांचा घोळका. पहाटे कुणीतरी किल्ल्याचा फोटो काढला होता: खाली रिकामं सिंहासन, वर क्रूस. ‘मिशनवाल्यांनी महाराज हटवले,’ असं लिहून तो गावच्या ग्रुपवर फिरत होता.

मुख्याध्यापकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. म्हणाले, “बाई, मागच्या दारानं वर्गात जा. आणि इतिहास तूर्त दुसऱ्या कुणाकडे देऊ या.”

मला संतापच आला. माझा विषय काढून घेणार, आणि वर मी चोरासारखी मागच्या दारानं जायचं? मी फाटकाकडेच निघाले.

सगळ्यांच्या पुढे उभा होता तो माझाच जुना विद्यार्थी. आता दाढी राखलेला, गळ्यात भगवा.

“बाई, म्हाराज कुटं हायत?”

“तू चौथीत होतास तेव्हा संध्याकाळी कुठे ठेवायचो आपण?”

“इषय बदलू नका!” मागून एकजण ओरडला.

“मी ह्याला विचारतेय. सांग रे.”

त्यानं मान खाली घातली. “तुमच्या कपाटात. दवानं रंग जातोय म्हणून.”

“आणि तुझ्या घरी?”

“आमीबी रातचं आतच घेतो.”

सगळ्यांना वर्गात नेऊन मी कपाट उघडलं. माझ्या जुन्या ओढणीत गुंडाळलेले महाराज तिथेच होते. त्यानं चपला काढल्या, मूर्ती दोन्ही हातांनी उचलली आणि नेऊन सिंहासनावर बसवली. पोरांनी घोषणा दिली, माझी चौथीही बेंबीच्या देठापासून ओरडली, आणि मीसुद्धा. मुख्याध्यापक घाम पुसत म्हणाले, “राहू दे, इतिहास तुमच्याकडेच राहू दे.”

घोळका पांगला. तो मात्र थांबला आणि वाकून माझ्या पाया पडला.

“राग मानू नका, बाई. पर येक करा. रोज सांच्याला म्हाराज आत ठिवलं की फोटो टाकत जावा ग्रुपवर. म्हंजी कुणाला शंका नगं.”

लय आदबीनं बोलला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर मला सोसल्या असत्या. ज्याला मी बोटानं नकाशावर गड दाखवले, तो माझ्याकडे पुरावा मागत होता. विषय हातातून जाईल या भीतीनं मी होकारार्थी मान डोलावली.

संध्याकाळी मूर्ती कपाटात ठेवली, फोटो काढला, पाठवला. लगेच अंगठे आले. पहिला त्याचाच होता.