म्हशीनं बोलायचं की नाही

कॉम्प्युटरवर केलेले मुलांचे सिनेमे का चालतात, या विषयावर बोलायला मला अजूनही अधूनमधून एखाद्या कॉलेजात बोलावतात. मी जातो. शाल घेतो, नारळ घेतो, आणि मी केलेला एकुलता एक सिनेमा आठवडाभरसुद्धा चालला नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पोरं हसतात. त्यांना वाटतं, सर विनोदी आहेत.

तो सिनेमा आमच्या म्हशीवर होता. आमचं घर कोल्हापुरात, पेठेत. पुढच्या सोप्यात आम्ही आणि मागं गोठ्यात म्हशी. वडील संध्याकाळी म्हैस दूधकट्ट्यावर न्यायचे आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून पेला भरून द्यायचे. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी भादरून, तेल लावून, शिंगं रंगवून बाहेर काढतात. मालक सायलेन्सर काढलेल्या फटफटीवर पुढं आणि म्हैस मागं, अशा त्या पळवतात. सगळ्याच पळत नाहीत. आमची पळायची, आणि तीही फक्त वडिलांच्याच फटफटीमागं. नव्वदीच्या सुरुवातीला अक्काचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं आणि त्या खर्चापायी ती म्हैस विकली. अक्का जयसिंगपूरला एका व्यापाऱ्याच्या घरात गेली. मी तेव्हा शाळेत होतो. मला दोन्हींचं वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर म्हशीचं जास्त.

पुढं मी चित्रकलेचा शिक्षक झालो. दरवर्षी तेच मोर, तेच गणपती, तीच 'पावसाळ्यातील एक दृश्य'. दोन हजार साल उलटल्यावर राजारामपुरीत थ्रीडी अॅनिमेशनचा क्लास निघाला आणि मी नोकरीवर लाथ मारून त्यात जाऊन बसलो. आई म्हणाली, याला कुणीतरी करणी केलीय. वर्गात सगळे माझ्याहून लहान. त्यांना बंदूकवाले रोबो करायचे होते, मी म्हैस केली. आणि म्हैस झकास झाली. परदेशी सिनेमांतल्या अस्वलाच्या अंगावरचा केस न् केस हलवायला जी यंत्रं लागतात, ती आमच्याकडे नव्हती. पण भादरलेल्या, तेल लावलेल्या म्हशीला केस लागतच नाहीत.

तिच्यावर पाऊण तासाचा सिनेमा करायचा, हे माझ्या डोक्यात तेव्हाच बसलं. पैसा घालायला तयार झाले ते दाजी, अक्काचे यजमान. शेंगदाणा आणि गुळाचे व्यापारी. हिशेब कानडीत, गप्पा मराठीत, आणि घासाघीस दोन्हीत. पण त्यांना या धंद्याची खरोखर ओढ लागली. मिळतील तेवढे परदेशी सिनेमे त्यांनी सीडीवर आणले आणि रविवारी जयसिंगपूरला त्यांच्या माडीवर आमची बैठक बसायला लागली. कुठला का चालला, कुठला का पडला. अक्काची दोन्ही पोरं पुढं पालथी पडलेली, दाजी लोडाला टेकून, मी टिपणं काढायला आणलेली वही सोडून सगळ्याकडे बघत, आणि अक्का दारात बसून सुपात शेंगदाणे निवडत. ती आमच्यात नसायची, असं मी धरून चाललो होतो.

दाजींचा निष्कर्ष पंधरा दिवसांत तयार झाला. प्राणी बोलतो, त्याला एक जाडा मित्र असतो, चार गाणी असतात, सिनेमा चालतो. मी म्हटलं, दाजी, पडलेल्या सिनेमांतही प्राणी बोलतात की. अंतराळात गेलेल्या मांजरांचा एक सिनेमा होता, त्यात मांजरं क्षणभर गप्प बसत नव्हती. केस तर असे की हात फिरवावासा वाटे. पण भाच्याला मधेच तहान लागली, भाचीला लघवीला लागली, आणि परत येऊन पुढं काय झालं ते दोघांनी विचारलंही नाही. उलट एका कासवाचा सिनेमा, रंग फिके, हालचाल अवघडलेली. त्यात सुरुवातीलाच कासवाची आई जाते आणि त्याला कुणी खोटी समजूत घालत नाही. तो संपेपर्यंत दोघांपैकी एकही जागचं हललं नाही. माझा सिद्धांत तिथं पक्का झाला. मुलांना केस नको असतात, विनोद नको असतात. कुणाचं तरी काहीतरी खरोखर जावं लागतं, आणि सिनेमानं ते मान्य करावं लागतं. घरातली मोठी माणसं एरवी ते कधी मान्य करत नाहीत, म्हणून तर अख्खं कुटुंब तिकीट काढून येतं.

हा सिद्धांत मी आजही सांगतो. तो चुकीचा नाही, एवढंच त्यातलं दुःख आहे.

तर माझ्या सिनेमात म्हैस विकली जाते. नव्या मालकाकडे पाडवा येतो. तो तिला सजवतो, फटफटीला किक मारतो, धूर काढतो, आवाज गल्लीभर घुमतो. म्हैस जागची हलत नाही. मालक लांब जाऊन परत येतो, ती तशीच उभी. मग ती नुसते कान हलवते, मान खाली घालते आणि वैरण खायला लागते. संपलं. एक शब्द नाही. ते कान हलवायला मला अख्खा उन्हाळा लागला होता. भारनियमन असं की चित्र तयार होत आलं की वीज जायची आणि सगळं पहिल्यापासून.

कच्चं काम दाजींच्या माडीवर दाखवलं. पोरं हलली नाहीत. अक्का उठून आत गेली. दाजी सुपारी कातरत म्हणाले, चांगलं झालंय, शेवटही राहू दे. जाडा मित्र नको, गाणीही नकोत. मला वाटलं, सुटलो. चार दिवसांनी त्यांचा निरोप आला, म्हणून परत गेलो, तर म्हणाले, "इकून न्हेताना म्हशीनं बोलायला पायजे. एकदाच. बाकी तू म्हणशील तसं."

मी समजावून सांगितलं, मग भांडलो, मग नको ते बोललो. शेंगदाण्याची पारख करणाऱ्यानं सिनेमाची करू नये, असंही म्हणालो. हा माणूस पोत्यामागं दोन तास घासाघीस करणारा, पण त्या दिवशी एक शब्द इकडचा तिकडं करायला तयार नव्हता. शेवटी मी काम टाकून उठलो. त्यांनी ते पुण्याच्या कुणाकडून तरी पुरं करून घेतलं. वाक्य होतं, 'मला कुणी विचारलं का?' आवाज एका नाटकातल्या बाईंचा.

कोल्हापुरातल्या एका जुन्या थेटरात सकाळचा खेळ लागला. शाळेच्या पोरांनी थेटर भरलेलं. फेटे झाले, भाषणं झाली, सिनेमा सुरू झाला, आणि पोरं खरंच गप्प झाली. मग तो प्रसंग आला. दावं सोडलं, म्हैस उंबऱ्यापाशी थांबली, वळली आणि बोलली. पुण्याच्या माणसानं तोंड असं हलवलं होतं की रवंथ करता करता बाई भाषण देताहेत असं वाटावं. आधी एक पोरगं हसलं, मग अख्खं थेटर. मीही हसलो, चांगला मोठ्यानं. दाजींचा पराभव मला डोळ्यांनी बघायचा होता आणि मी तो मजेत बघितला. अक्का पुढच्याच रांगेत होती, पदर डोक्यावरून घेतलेला. त्यानंतर त्या सिनेमात काहीही झालं तरी पोरं हसत राहिली. शेवटी म्हैस जागची हलत नाही, तेव्हा तर शिट्ट्या पडल्या.

आठवडा भरायच्या आत सिनेमा उतरला. सीड्यांचे गठ्ठे दाजींच्या गोदामात गुळाशेजारी पडले. मी मोर आणि गणपतींकडे परत गेलो, दुसऱ्या शाळेत, कमी पगारावर. जयसिंगपूरला जाणं सोडलं. चहाच्या टपरीवर, लग्नात, बारशाला, जो भेटेल त्याला सांगायचो की माझी म्हैस दाजींनी मारली. ते त्यांच्या कानावर जात होतं. त्यांनी कधीही उलट उत्तर दिलं नाही. मला वाटायचं, उत्तर असेलच काय त्यांच्याकडे.

पुढच्या दिवाळीत भाऊबीजेला अक्का एकटीच एसटीनं आली. 'आलो बघ,' म्हणाली; आमच्याकडे बायकाही आलो-गेलोच म्हणतात. पाट मांडला, तबक भरलं, वाती वळत बसली. मी तिच्यासमोरही तीच टेप लावली. दाजींना काही कळत नाही, मुकं जनावर मुकंच शोभतं, एका वाक्यानं माझं आयुष्य गेलं.

तिनं वाती वळायचं थांबवलं नाही. म्हणाली, "त्येंचं न्हवतं ते वाक्य. माझं हाय."

मला कळेना. ती म्हणाली, म्हैस नेली त्या दिवशी तू शाळेत गेलतास. मी दारात हुतो. ती उंबऱ्यापाशी थांबली, सगळ्यांकडं बघितलं आणि गेली. पंधरा दिवसांनी त्याच दारातनं मीबी गप गेलो. मला बारावीला बसायचं होतं. तुझ्या पिक्चरमधी ती परत तशीच गप निघाली, ते मला बघवंना. तुझ्या दाजींपाशी रात्रंदिवस धरणं धरलं. त्यांना सांगितलं, माझं नाव काढायचं न्हाय.

म्हणजे तो माणूस वर्षभर बायकोच्या वाट्याच्या शिव्या माझ्याकडून खात होता. मला लाज वाटायला हवी होती. मला आला तो राग. एवढे रविवार आम्ही एका माडीवर बसलो, मुलांना काय हवं, आयांना काय हवं, कुटुंब कशाला रडतं यावर मी तासन्‌तास बोललो, आणि ही दारात शेंगदाणे निवडत होती. मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस?"

अक्कानं वात निरांजनात ठेवली, काडी ओढली आणि माझ्याकडं बघितलं.

"तू इचारलास व्हय कवा?"