पाणीवाल्या बाई

मनाच्या डॉक्टर आता काय काय खोदून विचारतील, या धास्तीने माणूस आत जायचा आणि बाई विचारायच्या, "तुमच्याकडं पाणी कितव्या दिवशी येतं?" समोरचा चक्रावायचा. तोवर त्यांनी माठातलं पाणी त्याच्यापुढे ठेवलेलं असायचं. "आधी पाणी प्या, मग बोला." औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या दवाखान्याच्या जिन्यावर नंबर लावून बसणारे आम्ही सगळे त्यांना पाणीवाल्या बाईच म्हणायचो.

घाई म्हणून बाईंना ठाऊक नव्हती. एकेकाला इतका वेळ द्यायच्या की बाहेर आमच्या सोयरिकी जुळायच्याच तेवढ्या बाकी राहायच्या. सोयगावच्या मास्तरीणबाई आणि शहागंजचे चाचा, दोघांना आजार एकच, उदासीचा. पण औषधं निराळी. चाचांचे रोजे सुरू झाले की गोळ्यांच्या वेळा सहेरी-इफ्तारला जुळवून द्यायच्या. मी एकदा विचारलंच, तर म्हणाल्या, "ब्लाउज शिवायला माप देता ना? मग गोळीनंच काय घोडं मारलंय?"

माझा धाकटा भाऊ दिनकर त्यांचा पेशंट. देवगाव रंगारीहून येऊन वाळूजला कंपनीत लागला, बजाजनगरात खोली घेतली, आणि तिथेच त्याचं बिनसलं. कधी आभाळाला हात लावायचा, कधी आठवडाभर अंथरूण सोडायचा नाही. बाईंनी रात्रपाळी बंद करायला लावली, त्याला सोसेल अशी गोळी शोधली, आणि पोरगं माणसात आलं. लग्न झालं, दोन लेकरं झाली. मग बरं वाटतंय म्हणून त्याने बाईंकडे जाणंच सोडलं. गोळी तेवढी जुन्या चिठ्ठीवर दुकानातून आणायचा.

तशात तो दुष्काळाचा उन्हाळा आला. शहर चहूकडे वाढत सुटलं होतं, पाणी मात्र टँकरमागे धावून मिळायचं. एके दिवशी मी त्यांच्याकडे गेले असताना दिनकर झोकांड्या खात घरी आला. हात थरथरत होते, जीभ जड झाली होती. प्यायलाय म्हणून सुपरवायझरने हाकलून दिलं होतं. त्याच्या बायकोने, सुनंदाने, लेकरांचे कपडे पिशवीत भरले. "दारुड्यासंगं मी नाय राहायची, ताई." "आधी बाईंकडं चल, मग कुठं जायचं तिथं जा," म्हणत मी दोघांना रिक्षात घातलं.

बाईंनी तोंडाचा वास घेतला नाही. "दिनकर, दिवसाला पाणी किती पितोस?"

तो मान खाली घालून अडखळत बोलला. "लेकरांना पुरंना, बाई. म्हून मी तांब्याभरच... कंपनीत पितो म्हून हिला सांगायचो."

"या गोळीला पाणी लागतं रे राजा. अंगातलं पाणी आटलं की तीच विषावाणी होते." त्यांनी गोळी तिथेच बंद केली, रक्त तपासायला पाठवलं, त्याला भरती केलं. सुनंदा पिशवी छातीशी धरून रडत होती. बाईंनी तिला पोटभर रडू दिलं. मग म्हणाल्या, "बरा होईल तो. पण आता याचा हंडा वेगळा ठेव. ते पाणी औषध आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही." पुढे गोळी पुन्हा सुरू करताना तिचं मापही बदललं, उन्हाळ्याचं निराळं, हिवाळ्याचं निराळं. पिशवी रिकामी झाली, संसार राहिला.

गेल्या वर्षी बाई गेल्या. फोनवर सांगवेना, म्हणून मी बजाजनगर गाठलं. दारातच उंबऱ्यावर बसले. दिनकर काही विचारायला गेला नाही. ज्या हंड्याला त्या घरात कुणी हात लावत नाही, त्यातून त्याने तांब्या भरला आणि माझ्यापुढे धरला.

"ताई, आधी पाणी पी," तो म्हणाला, "मग बोल."