ओली पोती आणि फवारणीचं विमान

कपाशीच्या पऱ्हाटीत नाक खुपसून पडलेलं ते पिवळं विमान मी विसरलेले नाही. गडचांदूरच्या पुढे, ऑक्टोबरच्या उन्हात, धावपट्टीपासून दोन शेतं पलीकडे ते पडलं होतं. वैमानिक जागीच गेला होता. आम्ही पोचलो तेव्हा निंदणाऱ्या बायांनी त्याच्यावर एक लुगडं पांघरलं होतं. बाकी गर्दी विमानाला हात लावून पाहत होती.

साल १९८०च्या पुढचं. मी तेव्हा हवालदार होते. नवरा पोलिसात होता, तो वारल्यावर मला नोकरी मिळाली. शिक्षण चौथीपर्यंत. ठाण्यात बायांची झडती आणि जबाब ही माझी कामं.

त्या वर्षी कपाशीवर अळी पडली होती. एका खासगी कंपनीचं छोटं विमान औषध फवारायला आलं होतं. मुरुमाची धावपट्टी, एक टिनाची खोली, सावली नसलेल्या जागेत उभे केलेले पेट्रोलचे ड्रम. माणसं चारच. वैमानिक, मेकॅनिक, कारकून आणि चौकीदार. चौकीदार गोंड होता. बायको-मुलांसह तिथंच झोपडी करून राहायचा.

पंचनाम्यात इंजिनाखालची काचेची वाटी उघडली. पेट्रोल त्या वाटीतून गाळून पुढे जातं. वाटीत निम्मं पाणी निघालं. नमुना बाटलीत भरून, लाख लावून नागपूरला पाठवला.

संध्याकाळच्या आत कारकून ठाण्यात आला. म्हणाला, "साहेब, चौकीदाराले ड्रमवर पाण्याची घागर ओतताना मी सोता पाह्यलं. अन् मागच्या पंधरवड्यात तो अहेरीकडे जाऊन आला. सासरवाडी आहे म्हणते. तिकडं कोन राह्यते, तुम्हाले मालूम आहे."

ठाणेदारांना तेवढं पुरलं. त्या दिवसांत अहेरीकडचं नाव निघालं की प्रत्येकाला जंगलातले बंदूकवालेच दिसत. चौकीदाराला आणलं. खुनाचा गुन्हा लागणार, हे उघड होतं.

त्याचा पहिला जबाब मी ऐकला. "पेट्रोलात पानी नाई टाकलो साहेब. ड्रमवर पोते होते, त्याइले ओले करत होतो. मेकॅनिकभाऊनं सांगतलं, ड्रम थंडे ठेव."

"लोखंडी ड्रम. बूच बंद. वरचं पाणी आत जाईल कसं?" ठाणेदार म्हणाले.

"ते मले नाई समजत."

मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, "मी असं काही सांगितलं नाही." त्याला चहा दिला आणि जाऊ दिलं. चौकीदाराला आत घातलं. पुढचे तीन दिवस त्याच्या तळव्यांवर पट्टे पडले. मी ते थांबवलं नाही. मलाही वाटत होतं की यानंच केलं.

चौथ्या दिवशी मला त्याच्या बायकोचा जबाब घ्यायला पाठवलं. ती झोपडीसमोर मोहाच्या टोळ्या, म्हणजे तेलाच्या बिया, फोडत होती. मला पाहून हात थांबले नाहीत.

"तुझ्या नवऱ्यानं पाणी टाकलं म्हणतात," मी म्हणाले.

"तो एकटा नाई. मी बी टाकत होती बाई. दुपारच्याले दोन घागरी. त्याले झोप लागे."

"आता तुलाही नेऊ का मग?"

"न्या. लेकरं बी घेतो संगं. पोटाले तं भेटल तिथी." मग तिनं ड्रमकडे बोट केलं. "हे पोते आमचे व्हय का? आमच्या घरी पोतं राह्यलं असतं तं मी त्याच्यावर झोपली असती."

मी पोती पाहिली. औषधाच्या पेट्यांबरोबर आलेली, नवी, कंपनीचा ठसा असलेली. ती टिनाच्या खोलीतच असायची. खोलीची चावी मेकॅनिकच्या कमरेला होती.

मग ड्रम पाहिले. वरची कड उभी, ताटासारखी. पाणी ओतलं की तिथंच साचतं, आणि बूच नेमकं त्या पाण्यात. बुचाचा रबरी वायसर झिजलेला होता.

परत येऊन मी ठाण्याच्या आवारात जीपच्या पेट्रोलचा एक रिकामा ड्रम तसाच उभा केला. बूच हातानं आवळलं. दुपारपर्यंत तापू दिला, मग वर पोतं टाकून पाणी ओतलं. शिपाई हसले. "बाई, आता काय ड्रमाले आंघोळ घालता का?" ठाणेदारांनाही बोलावलं. पाणी बुचाभोवती खाली खाली जाऊ लागलं. तापलेला ड्रम एकदम निवला की आतली हवा आकसते आणि फटीतलं पाणी आत ओढते. तासाभरानं ड्रम उपडा केला. तांब्याभर पाणी निघालं. ठाणेदारांनी मेकॅनिकला आणायला जीप पाठवली.

मी त्याला एवढंच विचारलं, "पोती कुलपात होती. चौकीदाराकडं आली कशी?"

तो खाली बसला. मग सगळं बाहेर आलं. विमानाचं पेट्रोल नागपूरहून सीलबंद ड्रममध्ये यायचं. ते आलंच नाही. शेतकरी रोज येऊन बसत, अळी थांबत नव्हती. वैमानिक म्हणाला, जुनं इंजिन आहे, गाडीचं पेट्रोल चालेल. कंपनीच्या मॅनेजरनं हो म्हटलं. पंपावरचं पेट्रोल जुन्या ड्रममध्ये भरून आणलं. विमान उडालंही. पण गाडीचं पेट्रोल उन्हात लवकर वाफ धरतं, नळीत वाफ अडकते, इंजिन खोकतं. म्हणून यानंच खोलीतली पोती काढून दिली आणि चौकीदाराला ड्रम थंड ठेवायला सांगितलं होतं. पाणी जड, ते तळाशी बसलं. ड्रम संपत आला तेव्हा हातपंपानं विमानाच्या टाकीत तेच ओढलं गेलं. रोज उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं काढून पाहायचं असतं. त्या सकाळी कुणी पाहिलं नाही.

"मग पहिल्या दिवशी काऊन नाही बोललास?"

"भेव वाटला बाई. माझ्या हातानं मानूस गेला म्हणून."

त्याच्यावर हलगर्जीपणानं मृत्यूचा गुन्हा लागला. मॅनेजर फक्त साक्षीदार राहिला.

चौकीदाराला सोडलं. नोकरीवर परत घेतलं नाही. बायको न्यायला आली होती. तो भिंत धरून चालत होता. जाताना ती मला म्हणाली, "त्यानं तं पयल्याच दिवशी सांगतलं होतं. एक ड्रम उभा कराले तुम्हाले चार दिवस काऊन लागले?"

त्यानंतर नोकरीत असेपर्यंत मी एक करत आले. आरोपी जे सांगतो ते आधी आपल्या हातानं करून पाहायचं, मग खोटं म्हणायचं. त्यानं काही माणसं वाचली असतील. ती दोघं मात्र त्या दिवशी बसस्टँडकडं गेली, आणि तेवढा रस्ता चालायला त्याला फार वेळ लागला.