भटू आणि ऑस्टिनच्या रंगीत वायरी

सुरतेत उधना दरवाज्याच्या रिक्षावाल्यांमध्ये भटूचं नाव होतं. हॉर्न वाजत नाही, दिवा लागत नाही, काहीही असो, भटू वीज मिळाली की पेटणाऱ्या टेस्ट लॅम्पची टोचणी इथेतिथे लावायचा आणि चहा गार व्हायच्या आत दोष शोधून द्यायचा. मूळचा खानदेशात शिरपूरकडचा, राहायला डिंडोलीत, बोलायला कमी. म्हणून १९९६च्या थंडीत नानपुऱ्याच्या केरसीकाकांनी आपली जुनी ऑस्टिन दुरुस्त करायला त्यालाच बोलावलं.

केरसीकाका रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले पारशी गृहस्थ. गाडी त्यांच्या वडिलांनी एकोणपन्नास साली घेतलेली. इंजिन चालू होतं, पण वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं आणि उरलेलं कुजलेलं. नातीची नवजोत, म्हणजे पारशांची मुंज, तोंडावर आली होती आणि तिला याच गाडीतून अगियारीत, त्यांच्या अग्निमंदिरात, न्यायचं असं म्हाताऱ्याने ठरवून टाकलं होतं.

भटूने सगळं काढून पडवीत पसरलं. जुन्या वायरींवरचं सुती कापड धुरकट होऊन गेलं होतं, एक वायर दुसरीसारखीच दिसत होती. त्याला त्याची अडचण वाटली नाही. लॅम्प लावत लावत त्याने कुठली वायर कुठे जाते ते समजून घेतलं. या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला होता, आपल्याकडच्या गाड्यांच्या बरोबर उलटा. तेही त्याच्या लवकर ध्यानात आलं. डॅशबोर्डवरची खेचायची बटणं उघडून, आतली पितळी टोकं घासून त्याने ती चकचकीत केली. वळताना दिशा दाखवायला दोन्ही बाजूंना दारांमधल्या खांबातून बाहेर येणारे छोटे हात होते, तेही तेल देऊन मोकळे केले.

मग मुंबईहून नवीन वायरिंग आलं. काकांनी ते खास मूळ रंगांप्रमाणे बनवून घेतलं होतं.

"भटूभाई, जे रंग हता ते ज रंग जोइए," काका म्हणाले. "बॅटरीची चॉकलेटी, हात आणि ब्रेकच्या दिव्याची हिरवी, मागच्या दिव्याची लाल. बापाच्या गाडीत मला भेसळ नको."

"होऊन जाईल, काका," भटू म्हणाला.

आता लॅम्पची गरजच नव्हती. दोन्ही टोकांना रंग होता, सारख्याला सारखं जोडायचं. दोन दिवस खपून त्याने जोडलं, बॅटरी लावली आणि मागच्या दिव्याचं बटण खेचलं. दिवा लागला नाही. उजव्या खांबातला हात मात्र खट्टकन बाहेर आला. ब्रेक दाबला तर फ्यूज उडाला.

भटू गाडीखाली आडवा झाला. पुन्हा एकेक वायर बघितली. त्याच्या नजरेला सगळं बरोबर होतं. त्याने परत सोडून परत जोडलं. या वेळी हात आत राहिला, पण बटण न खेचताच मागचे दिवे पेटले आणि विझेनात. माणूस दमला की चुकतो, असं म्हणून तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इतक्या वर्षांत गाडीने त्याला असं वेड्यात काढलं नव्हतं. मुंबईवाल्याने वायरिंगच उलटसुलट बनवलंय, असं त्याला वाटू लागलं.

काका खुर्ची ओढून जवळ बसले, चष्मा पुसला आणि डॅशबोर्डखाली वाकून पाहिलं.

"भटूभाई, ही हिरवी तुम्ही लालला का जोडली?"

"कुठली?"

"ही."

"काका, दोन्ही एकच आहेत."

काकांनी त्याच्याकडे नीट बघितलं. त्याला वाटलं, आता ओरडतील. पण ते उठून घरात गेले आणि बायकोची विणकामाची टोपली घेऊन आले. लोकरीचे गुंडे त्याच्यासमोर ओतले, त्यातला एक हिरवा उचलून त्याच्या हातात दिला. "याच्यासारखे दिसतात तेवढे बाजूला काढा."

हा काय पोरखेळ, असं मनात म्हणत भटूने चार-पाच गुंडे वेगळे केले. काकांनी ते एकेक करून वर धरले. "हा चॉकलेटी. हा विटकरी. हा तर लालभडक." मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "रेल्वेत भरतीला अशी लोकर दाखवायचे. ज्याला तुमच्यासारखं दिसतं त्याला सिग्नलच्या कामावर घेत नसत. हा आजार नाही, भाई. जन्मापासून डोळेच असे असतात."

"मला सगळं दिसतं, काका. निळं दिसतं, पिवळं दिसतं."

"ते दिसणारच."

भटूने लोकरीचे गुंडे पुन्हा पुन्हा उलटून पाहिले. काका थट्टा करत नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. पण मग खोटं कोण बोलत होतं? त्याने हत्यारं पिशवीत भरली आणि न सांगता निघाला.

डिंडोलीची बस सोडून तो पायीच चालत सुटला. सुरतेत नवीन आला तेव्हा एका कारखान्यात रंगीत सुताची मोठी रिळं, म्हणजे कोन, मशीनवर चढवायचं काम त्याला होतं. एकदा हिरव्याच्या जागी भलतेच कोन चढले आणि साड्यांचा अख्खा तागा वाया गेला. मास्तरने चारचौघांत हाताला धरून बाहेर काढलं होतं. कामात लक्ष नाही, असं सगळे म्हणाले आणि त्यालाही ते पटलं होतं. त्याआधी, लहानपणी, मिरच्या तोडताना पिकलेल्या नेमक्या झाडावर राहायच्या आणि आई पाठीत धपाटा घालायची. म्हणजे आपण वेंधळे नव्हतो? की होतो, आणि वर डोळेही असे? त्याला काही केल्या सुधरेना.

घरी उषाबाई साडीला टिकल्या चिकटवत बसल्या होत्या. नवऱ्याचा उतरलेला चेहरा बघून त्यांनी हातातलं काम ठेवलं आणि नेहमीसारखी लेकीच्या नावाने हाक मारली.

"योगिताना बाप, काय व्हयनं तुमले?"

त्याने साडीचा पदर पुढे ओढला. "हाई कोणता रंग शे?"

"हिरवा शे ना."

"आनि ह्या टिकल्या?"

"लाल." त्या हसल्या, मग त्याच्याकडे बघून थांबल्या. "का बरं?"

त्याने सगळं सांगितलं. उषाबाईंना निम्मं कळलं, निम्मं नाही. डोळ्यांत औषध टाकू का, असं त्यांनी विचारलं. मग त्याने नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "सकाळी मी येस तुमना संगे."

दुसऱ्या दिवशी दोघं नानपुऱ्यात गेले. तो परत आलेला पाहून काकांनी उषाबाईंना खुर्ची दिली. उषाबाई खुर्चीत न बसता गाडीजवळ फरशीवरच बसल्या. त्या वायर धरून रंग सांगायच्या आणि भटू टोकाला दोरा बांधायचा. चॉकलेटीला एक गाठ, हिरवीला दोन, लालला तीन. मग त्याने डोळ्यांनी ओळखायचं सोडून दिलं आणि गाठी चाचपत सगळं जोडलं. संध्याकाळी बटण खेचलं तसे मागचे दिवे लागले. ब्रेक दाबला, ब्रेकचा दिवा लागला. दोन्ही खांबांतले हात आळीपाळीने बाहेर आले आणि मुकाट्याने आत गेले.

"बापाची गाडी," काका म्हणाले. त्यांनी स्वतः बटण पुन्हा खेचून पाहिलं.

नवजोतीच्या आदल्या दिवशी त्यांनी दोघांना गाडीत बसवून अठवा गेटपर्यंत नेलं. रस्त्यावरची माणसं वळून वळून बघत होती. उषाबाई पदर सावरून ताठ बसल्या होत्या. भटूचं मात्र लक्ष खिडकीबाहेर. दुकानांच्या पाट्या, हातगाडीवरचे टोमॅटो, पोरींची दप्तरं, सगळं कालच्यासारखंच होतं, आणि तरी त्याला त्यातल्या कशाचाही भरवसा वाटत नव्हता.

"लाल म्हणजे कसं दिसस?" त्याने हळूच विचारलं.

उषाबाईंनी विचार केला. "लाल म्हणजे... मिरचीसारखं."

"मिरची तर हिरवीबी ऱ्हास."

उषाबाई उत्तर द्यायला वळल्या, तोच चौकातला सिग्नल लाल झाला आणि केरसीकाकांनी गाडी थांबवली.