मामांचा इसबगोल

कोणाच्याही घरी गेले की माझे मामा पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी विचारायचे, "पोट साफ होतंय ना?" शेवगावच्या बाजारात लोक त्यांना इसबगोल मामा म्हणत. त्यांच्याकडे राहून मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. कॉलेजात नाव घालायला आले तेव्हा त्यांनी प्राध्यापकांनाही तेच विचारलं होतं. मी खिडकीबाहेर पाहत उभा राहिलो होतो.

रात्री जेवणानंतर ते इसबगोलाचे दोन ग्लास कालवत. एक स्वतःला, एक समोर असेल त्याला. वर आणखी ग्लासभर पाणी प्यायलाच लावत. "नुस्ता गिळला तर नरड्यात फुगतो. लई पानी लागतं त्याला."

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते आमच्याकडे भिंगारला राहायला आले, तेव्हा आमच्या घरात एक गोष्ट दडलेली होती. सुनीताच्या, माझ्या बायकोच्या, रक्तात एचआयव्ही निघाला होता. माझ्यात नव्हता. तिचं औषध सुरू झालं, आणि तिच्या रक्तातला विषाणू दबेपर्यंत मला लागण होऊ नये म्हणून डॉक्टरांनी मलाही रोज एक गोळी दिली. ती मी जेवणानंतर घ्यायचो. नेमका तेव्हाच मामांचा ग्लास पुढे यायचा.

इसबगोल औषधाला चिकटून त्याला बाहेर घेऊन जातो, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. मामांना नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. मी ग्लास मोरीत ओतू लागलो. सुनीतानं ते पाहिलं.

"डॉक्टरांना विचारायला काय जातं?"

विचारलं, तेही इतक्या हळू की दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी दोनदा "काय?" केलं. त्या म्हणाल्या, या गोळीचं आणि इसबगोलाचं वाकडं नाही. पण इसबगोलाचा भुसा कुठलंही औषध अंगात उतरायला उशीर लावू शकतो, म्हणून दोन्हींत दोनेक तासांचं अंतर ठेवा, पाणी भरपूर प्या, गोळी मात्र चुकवू नका.

मला हे मामांना सांगता येईना. शेवटी त्यांनीच गोळ्यांची बाटली पाहिली.

"कसली रं गोळी?"

"शक्तीची."

"मग मला बी दे की एक. डोळा कापल्यापासून लई गळाटलोय." त्यांनी तळहात पुढे केला.

मी बाटली मुठीत धरून बसलो. सुनीता स्वयंपाकघराच्या दारात आली. "तुमचं तुम्ही सांगा. माझं मी सांगते," ती मला म्हणाली, आणि मी तोंड उघडायच्या आत तिनं स्वतःचं सांगून टाकलं.

मामांनी पुढे केलेला तळहात मागे घेतला. मग माझ्याकडे वळले. "म्हंजे ही तुला होऊ नये म्हनून?"

"हो."

"अन् मला शक्तीची सांगतो." ते सुनीताला म्हणाले, "पोरी, तुझ्या औषधानं पोट साफ होतंय का?"

ती हसली. त्या घरात कितीतरी दिवसांनी कोणी हसलं होतं. मग मी दोन तासांच्या अंतराचंही सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मामांनी ग्लास दिवेलागणीला कालवायला घेतले, तीन.

पुढे त्यांच्या भावकीतले तात्या भेटायला आले. फळीवरची बाटली उचलून म्हणाले, "ह्या कशाच्या?"

"माझ्या हायेत," मामा म्हणाले. "ठेव खाली." मी त्यांना तसं म्हणू दिलं. डोळ्याची पट्टी सुटल्यावर ते गावी गेले.

गेल्या वर्षी मामा वारले. दहाव्याला तात्या मांडवात शेजारच्याला सांगत होते, "भाच्याकडं चोरून गोळ्या खात हुता. काय रोग हुता, देव जाणे." ऐकणाऱ्यानं तोंड वाकडं केलं.

"गोळ्या माझ्या होत्या, तात्या," मी म्हणालो.

"तुमच्या? कशाच्या?"

आजूबाजूची माणसं वळून पाहू लागली. सुनीताही पाहत होती. माझ्याबद्दलचं तरी मला सांगता आलं असतं.

"डॉक्टरांनी दिल्या होत्या," एवढंच मी बोललो.

तात्यांनी शेजाऱ्याकडे पाहून मान हलवली. भाचा मामाचं झाकतोय, असंच त्यांना वाटलं.